तीन तुकड्यांचा पासवर्ड

मी बॅकस्पेस बोलतोय. कीबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यातला, आकड्यांच्या रांगेतला अगदी शेवटचा. शपथेवर सांगतो, पुढे जे येणार आहे ते अक्षर न् अक्षर खरं आहे. माझा जन्म जपानमधला, एका नामांकित इंजिनिअरच्या हातचा, आणि मी आजवर एकदाही खोटं बोललेलो नाही.

बरं, जपान नव्हे. कीबोर्डाच्या पाठीवर ‘मेड इन चायना’ छापलंय आणि ते कुणीही उलटा करून वाचू शकतं, तेव्हा तेवढं मागे घेतो. इंजिनिअरही नव्हता. प्लास्टिकच्या साच्यातून आम्ही एकशे चार भावंडं टपाटप पडलो, एवढंच. बाकी सगळं खरं. बहुतेक.

जन्मभर दुसऱ्याचं लिहिलेलं पुसणाऱ्यानं शपथ घ्यावी याचं हसू येत असेल तर येऊ द्या. पण माणूस चुकतो तेव्हाच त्याला माझी आठवण होते, आणि म्हणून माणूस मला जितका कळला तितका माझ्या भावंडांना कळला नाही. एन्टरला वाटतं, जगात सगळं त्याच्याच होकारानं चालतं. स्पेसबार नुसता लोळत असतो. पण पासवर्ड चुकला की बोट माझ्याकडेच धावतं.

माझं पहिलं घर मुलुंडचं. देवदत्त नावाचा भला माणूस, घरून ऑफिसचं काम करायचा. त्याची कंपनी दर पंचेचाळीस दिवसांनी पासवर्ड बदलायला लावायची. सकाळी नऊला देवदत्त चहा घेऊन बसायचा, झरझर पासवर्ड मारायचा आणि समोर लाल अक्षरं यायची.

पहिल्यांदा चुकलं की तो आपल्या बोटांकडे बघायचा, जशी ती शेजाऱ्यांची आहेत. दुसऱ्यांदा तोच पासवर्ड, तस्साच, पण एकेक बटण दाबून दाबून. बहिऱ्या माणसाशी आपण मोठ्यानं बोलतो ना, तसं. तिसऱ्यांदा चुकलं की कॅप्सलॉकचा दिवा तपासायचा. दिवा बंद असला तर त्याला रागच यायचा, कारण आता दोष द्यायला घरात फक्त बायको उरायची.

“स्वरदा, तू कॉम्प्युटरला हात लावलास का?”

“मी कशाला लावू? माझी भाजी करपतेय इथे.”

“मग हा उघडत का नाही?”

“कालच बदललास ना संध्याकाळी? मला म्हणालास, या वेळी असा ठेवलाय की कुणाच्या बापाला ओळखता येणार नाही.”

देवदत्तला आठवलं. मग हळूच माझ्यावर बोट.

इथे माणसाची एक गंमत सांगतो. पासवर्डाचे ठिपके सगळे सारखे. चूक कुठे झाली ते दिसत नाही. शेवटचं एकच अक्षर चुकलं असेल, पण माणूस मला दाबून धरतो आणि पहिल्यापासून सगळं पुसतो. खोका रिकामा झाला तरी बोट उचलत नाही. आणखी दोन क्षण दाबूनच ठेवतो. राहिलंसाहिलं काही असेल तर तेही जाऊ दे म्हणून. काहीजण शेजारचं डोळ्याचं चित्र दाबून पासवर्ड उघडा करतात, पण त्याआधी मागे वळून बघतात. घरात एकटेच असले तरी.

या सगळ्यात माझ्यावरची अक्षरं झिजली, बाणाचं टोक गेलं. देवदत्तनं नवा कीबोर्ड आणला आणि मला भंगारात टाकण्याऐवजी ऑफिसातल्या शर्लीला दिला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. शर्लीनं मला पिशवीत घालून अंधेरीला, आपल्या वडिलांकडे आणलं.

वडील म्हणजे लिओनार्ड. वय चौसष्ट. चौतीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग रूममध्ये रेघा मारून निवृत्त झालेला. अंधेरीच्या जुन्या गावठाणात त्याचं दुमजली घर. खालच्या खोलीत गुणाजी शिंपी, चाळीस वर्षांचा भाडेकरू, मूळचा मालवणकडचा. तीन घरं सोडून लिओनार्डची धाकटी बहीण ॲग्नेस, आणि गल्लीच्या टोकाला विहीर.

ती विहीर साधी नाही. या ख्रिस्ती गावठाणात लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी काढतात आणि त्या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालतात. ‘उंबराचं पाणी’ म्हणतात त्याला. लिओनार्डची आई याच पाण्यानं न्हाली, ॲग्नेस न्हाली. आता नंबर शर्लीचा होता; तिचं लग्न जानेवारीत ठरलं होतं. एरवी विहिरीकडे कुणी फिरकत नाही. चिप्सच्या पिशव्या आणि क्रिकेटचे चेंडू तेवढे तिच्यात जातात.

मागच्या मे महिन्यात ठरलं की महापालिकेकडून विहिरीवर जाळी बसवून मागायची. अर्ज ऑनलाइन, त्यासाठी विहीर समितीचं खातं उघडायचं. समितीत तिघं: लिओनार्ड, गुणाजी आणि ॲग्नेस. माझ्यासमोर तिघं दाटीवाटीनं बसले. बाहेर अंगणात ॲग्नेसच्या मिरच्या वाळत होत्या, कारण मे म्हणजे वर्षाचा मसाला करण्याचा महिना. लिओनार्डला शिंकांवर शिंका.

साइट म्हणाली, पासवर्डमध्ये आकडे हवेत, चिन्ह हवं, अक्षरं हवीत.

“एकाच्या हातात सगळा पासवर्ड नको,” ॲग्नेस म्हणाली. “आईनं मसाला कसा शिकवला? भाजायचं माप मोठ्या काकीला, मिरचीचं मला, कुटायचा क्रम धाकट्या काकीला. तिघी एकत्र बसल्याशिवाय बाटली भरत नाही. म्हणून आजपर्यंत कुणी चोरला का?”

“हे विहिरीचं खातं आहे गं, इंद्यालच्या कालवणाचा मसाला नाही,” लिओनार्ड म्हणाला.

“तुझ्या एकट्याच्या डोक्यात राहिला तर नाताळपर्यंत विसरशील.”

गुणाजी म्हणाला, “बायचा बरोबर आसा.” दोन विरुद्ध एक. ठरलं. आकडे लिओनार्डचे, चिन्हं गुणाजीची, अक्षरं ॲग्नेसची. एकानं टाइप करायचं आणि इतर दोघांनी भिंतीकडे तोंड करायचं. म्हातारी माणसं शाळेत शिक्षा झाल्यासारखी भिंतीकडे वळून उभी राहिली. मला मात्र कोण वळवणार? मी सगळं बघितलं. लिओनार्डचे आकडे तर माझ्याच रांगेतले, माझे सख्खे शेजारी. एक, आठ, नऊ, नऊ.

खातं उघडलं, अर्ज गेला, सगळे खूश. मी इतक्या बोटांखालून गेलो, पण तीन माणसांचा एक पासवर्ड पहिल्यांदा बघितला. झकास वाटलं.

मग ऑक्टोबर आला आणि वाट लागली.

ऑक्टोबरात आगेरा असतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा आणि मग सगळ्या गावठाणानं एकत्र जेवायचं. जेवणात ॲग्नेसचं इंद्याल होतं. लिओनार्डच्या हातात कुणीतरी माइक दिला. चौतीस वर्षं गप्प बसून रेघा मारलेल्या माणसाच्या हाती माइक देऊ नये. तो म्हणाला, “आमच्या ॲग्नेसनं मेहनत खूप घेतली हो, पण आईच्या हाताची चव काही हिला आली नाही.” चारजण हसले. ॲग्नेसनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि घरी गेली.

त्या दिवसापासून तिनं बोलणं सोडलं. गल्लीत समोरून आला तर ही पलीकडच्या कडेनं. निरोप द्यायचा तर शर्लीकडून: “तुझ्या बाबांना सांग, त्यांच्या छपराचं पाणी वाहत माझ्या अंगणात येतं.”

जाळी आली नाही, नोव्हेंबरात विहिरीवर नोटीस चिकटली. विहीर धोकादायक, स्लॅब टाकून बंद करणार. हरकत असल्यास समितीनं आपल्या खात्यातून तीस दिवसांत नोंदवावी. गावठाण हललं. एकशे बारा घरांच्या सह्या झाल्या, कागद स्कॅन झाले. राहिलं फक्त खातं उघडणं. आणि लिओनार्ड आज करू, उद्या करू म्हणत बसला. कारण तिसरा तुकडा ॲग्नेसकडे, आणि तिच्या दारात जायचं म्हणजे त्याच्या मते पराभव.

असं करत तिसावा दिवस उजाडला. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. दुपारी अडीचला लिओनार्डनं गुणाजीला हाक मारली.

“आयला, भयणीक बोलवलंस?” गुणाजीनं आत येतायेताच विचारलं.

“गरज नाही. चौसष्ट वर्षांतली साठ तिच्याबरोबर काढलीत. ती काय टाकणार मला ठाऊक नाही?”

त्यानं आपले आकडे मारले. गुणाजीनं आपली चिन्हं मारली, लिओनार्ड भिंतीकडे बघत असताना. मग ॲग्नेसच्या जागी लिओनार्डनं एका बदकाचं नाव मारलं. पिंटी.

ही पिंटी म्हणजे ॲग्नेसनं दहा वर्षांची असताना पाळलेलं बदक. नाताळात ते ताटात आलं. ॲग्नेस दोन दिवस जेवली नाही. लिओनार्डनं दोनदा वाढून घेतलं होतं.

एन्टर. लाल अक्षरं: पासवर्ड चुकीचा. चार प्रयत्न शिल्लक.

लिओनार्डनं मला दाबून धरलं, सगळं पुसलं. पुन्हा आकडे, पुन्हा चिन्हं, आणि या वेळी ॲग्नेसचंच नाव. चूक. मग आईचं नाव, तेही दात-ओठ खात, प्रत्येक बटणावर वजन टाकून. चूक. मग कॅप्सलॉक बघितला. मग कीबोर्ड उचलून पाठीवर दोन थापा मारल्या. मग शर्लीला फोन लावून विचारलं, “हा तुझा कीबोर्ड अक्षरं खातो का गं?”

“बाबा, तो नीट आहे. तुम्ही आंटीकडे जा ना.”

फोन ठेवून ॲग्नेसच्या नवऱ्याचं नाव टाकलं. चूक. समोर आलं: शेवटचा प्रयत्न शिल्लक. यानंतर खातं बंद. पासवर्ड विसरला असल्यास नवा पासवर्ड चोवीस तासांत मिळेल.

चोवीस तास! भिंतीवरच्या घड्याळात चारला दहा कमी होती.

आता मी तुम्हाला सांगतो, चूक कुठे होती ते मला पहिल्याच फटक्यात कळलं होतं. ॲग्नेसचा तुकडा बरोबर होता. पिंटीच! चुकत होता तो लिओनार्डचा स्वतःचा तुकडा. मे महिन्यात त्यानं मारलं होतं एक, आठ, नऊ, नऊ. आज चारही वेळा मारलं एक, आठ, नऊ, सहा. बहिणीच्या तुकड्यासाठी त्यानं चार नावं लावून बघितली. आपल्याकडे एकदाही वळून बघितलं नाही.

पण बटण बोलणार कसं? मी शक्य ते केलं. लिओनार्डनं पाचव्यांदा आकडे मारले, गुणाजीनं चिन्हं मारली, आता लिओनार्ड मनात आणखी कुठलं तरी नाव जुळवत होता, तेवढ्यात मी आत जाऊन बसलो. अडकलो! तो जे मारेल ते मी पुसायचा. मारलं की पुसलं, मारलं की पुसलं. त्यानं मला टोकरलं, फुंकर मारली, कीबोर्ड उलटा करून हलवला. बिस्किटाचा चुरा पडला, मी काही वर आलो नाही.

गुणाजी म्हणाला, “बटनाकसुदा कळता, पण तुका कळणा नाय.”

आणि लिओनार्ड उठला.

ॲग्नेसच्या दारातलं मी बघितलेलं नाही. पण तिनं ते नंतर याच टेबलाशी बसून इतक्यांदा सांगितलंय की बघितल्यासारखंच आहे. दार उघडंच होतं. ॲग्नेस चांगला फ्रॉक घालून, चष्मा डोळ्यांवर, खुर्चीत बसलेली. सकाळपासून. आज शेवटचा दिवस आहे हे तिलाही ठाऊक होतं, पण बोलावल्याशिवाय जायचं नाही हेही तिनं ठरवलं होतं.

“ॲग्नेस, विहिरीचं काम आहे.”

“मला कोण बोलावतंय? विहीर की तू?”

“मी.”

“मोठ्यानं बोल. आगेऱ्याला तर चांगला आवाज निघत होता.”

“ते मी बोलायला नको होतं.”

“माइकवर बोललास. आता माफी पण माइकवर माग.”

“अगं, चार वाजून गेले! आता माइक कुठून आणू?”

“शर्लीच्या लग्नात असेल ना. तिथे माग.” आणि ती उठली. चपला घालतानाच म्हणाली, “एवढा वेळ काय करत होतास? किती वेळा चुकवलास?”

“चारदा.”

“अरे देवा. एकच राहिला?”

दोघं घाईघाईनं आली. ॲग्नेस माझ्यासमोर बसली, पण तिनं बटणांना हात लावला नाही. आधी भावाकडे बघितलं.

“पहिल्यांदा माझ्या जागी काय टाकलंस?”

लिओनार्ड खिडकीबाहेर बघत म्हणाला, “बदक.”

ॲग्नेसनं चष्मा काढला, फ्रॉकच्या टोकानं पुसला, परत लावला.

“तेच आहे रे,” ती म्हणाली.

“काय?”

“तेच आहे. पिंटी. म्हणजे माझा तुकडा तू बरोबर टाकलास. मग चुकलं कुणाचं? गुणाजी, तुझी चिन्हं?”

“माज्या दुकानाच्या पाटयेर तीन फुलां आसत. तीच घातलंय, दर खेपेक.” फुलं म्हणजे आठच्या बटणावरच्या चांदण्या; गुणाजीनं आपला तुकडा सांगूनच टाकला. आता लपवण्यासारखं राहिलं होतं काय?

दोघं लिओनार्डकडे बघायला लागली.

“माझं कसं चुकेल? मी विहिरीचं साल टाकलंय. दगडावर कोरलेलं. अठराशे शहाण्णव.”

ॲग्नेसनं कपाळावर हात मारला. “शहाण्णव क्रॉसवर आहे, बावळटा! प्लेगच्या साली उभारलेला क्रॉस. त्याच्यापुढे रोज संध्याकाळी उभा राहतोस ना, तेच डोक्यात बसलंय. विहीर नंतर तीन वर्षांनी खणली. मे महिन्यात चुना खरवडून दगड तूच साफ केलास, मला वाचून दाखवलास. नव्व्याण्णव!”

लिओनार्डचा चेहरा असा झाला की मला त्याची दया आली. चौतीस वर्षांत एक रेघ वाकडी मारली नाही असं सांगणारा माणूस.

“तूच मार,” तो ॲग्नेसला म्हणाला. “मी पुन्हा चुकेन.”

“तुझा तुकडा आहे. तूच मारायचा.”

त्यानं मारला. एक, आठ, नऊ, नऊ. गुणाजीनं आपली फुलं मारली. ॲग्नेसनं पिंटी मारलं, एका बोटानं, मोजून मोजून. या वेळी कुणी भिंतीकडे तोंड केलं नाही. एन्टर दाबायला तिघांचीही छाती होईना, तेव्हा शेवटी गुणाजीनं डोळे मिटून दाबला.

खातं उघडलं.

हरकत चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी दाखल झाली. पावतीचा क्रमांक आला तो लिओनार्डनं तीन वेगवेगळ्या कागदांवर लिहून घेतला. ॲग्नेसनं घरून इंद्यालचा डबा आणला. लिओनार्डनं पहिला घास घेतला आणि काही बोलायला तोंड उघडलं. गुणाजीनं त्याच्या पायावर पाय दिला.

सुनावणी अजून व्हायची आहे. पण तोवर स्लॅब पडणार नाही असं पत्र आलं आणि जानेवारीत शर्ली त्याच पाण्यानं न्हाली. कळशी ॲग्नेसनं काढली. मांडवात लिओनार्डनं माइक मागून घेतला आणि सांगितलं की आगेऱ्याला मी खोटं बोललो, चव आईचीच आहे. ॲग्नेस मागून ओरडली, “आवाज येत नाही!” त्याला दोनदा सांगावं लागलं.

आज मी याच टेबलावर आहे. माझ्यावरचं नाव पार गेलंय, नवख्या माणसाला मी ओळखूही येत नाही. पण तक्रार नाही. माणसांनी मला राग आला तेव्हा दाबलं, घाबरले तेव्हा दाबलं, आणि प्रत्येक वेळी पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसले. याचं मला फार अप्रूप आहे. एवढंच मागणं, पासवर्ड चुकला तर थापा मारू नका. पाठ दुखते.

आणि आता शपथ घेतलीच आहे तर एक कबुली देऊन टाकतो.

मी अडकलो होतो, ते खोटं. गुणाजीचं ते वाक्यही मीच रचलं. चांगलं जमलं म्हणून ठेवलं. मी त्या दिवशी अगदी नीट चालत होतो. खरं झालं ते असं: पाचव्या वेळचा पासवर्ड लिओनार्डनं पूर्ण मारला होता. बोट एन्टरवर ठेवलं होतं. कितीतरी वेळ ते तिथेच होतं. मग ते उचललं, माझ्यावर आणलं आणि दाबून न धरता एकेक ठिपका पुसला, सावकाश, शेवटचा जाईपर्यंत. लिओनार्डनं खुर्ची मागे सरकवली आणि दारातल्या चपला पायात घातल्या.

मी फक्त पुसलं. बहिणीकडे तो आपला आपणच गेला.